मदत हवी आहे: मुलीचं लर्निंग लायसन काढायचंय, आधारवर जन्मतारीख वेगळी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, कॉलेज तालुक्याला. सकाळची एसटी बरोबर मिळते, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट आहे म्हणून खर्चाचंही काही नाही, पण प्रॅक्टिकल आणि जादा तास संपेपर्यंत दुपारची गाडी निघून जाते, मग संध्याकाळची येईपर्यंत पोरगी स्टँडवर बसून राहते आणि ती गाडीही फाट्यावरच सोडते, तिथून गाव आत आहे. थंडीत तोवर अंधार पडलेला असतो. रोज कोणी ना कोणी घ्यायला जावं लागतं, कापूस वेचणीच्या दिवसात घरात माणूसच नसतो.

घरी 110 सीसीची स्कुटी आहे, तिच्या बाबांच्या नावावर. रिकाम्या वावरात चालवून पाहते, बॅलन्स चांगला आहे. बारावीनंतर पुढचं कॉलेजही तालुक्यालाच करायचं ठरतंय, म्हणून लायसनचं आत्तापासून बघायचं आहे.

आता अडचण सांगते. माझे दीर म्हणतात सोळा झाले की विदाऊट गिअरचं निघते, गावातली सगळी पोरं चालवतात, तुम्हीच कशाला थांबता. हे खरं आहे का? आणि दुसरं म्हणजे तिच्या दहावीच्या सनदेवर जूनची जन्मतारीख आहे आणि तीच खरी आहे, पण आधार गावात कॅम्प लागला तेव्हा काढलेलं, तेव्हा जवळ दाखला नव्हता, त्यांनी नुसतं वर्ष घेतलं आणि कार्डावर 1 जानेवारी पडली. म्हणजे आधारप्रमाणे ती अठराची झाली आणि सनदेप्रमाणे जूनमध्ये होईल. तालुक्याला एका एजंटला विचारलं तर तो म्हणतो आधारवर झाले ना अठरा मग आजच टाकून देतो, दोन हजार द्या, परीक्षेला पोरीला बसायचंही काम नाही, आम्हीच देऊन टाकतो.

मला हे पटत नाही. आमच्या घरात आजपर्यंत एकाही बाईकडे लायसन नाही, हिचं पहिलं असेल, ते तिनं स्वतः परीक्षा देऊन मिळवावं असं मला फार वाटतं. पण जूनपर्यंत थांबायचं का, की आधारप्रमाणे आत्ता काढलं तर चालतं? ज्यांनी मुलांचं काढलंय त्यांनी प्लीज नीट सांगा.

वर्धेकर:
ताई, आधी दिरांच्या बोलण्याचं. सोळाचं कायद्यात आहे पण ते अर्धंच सांगतात लोक. मोटार वाहन कायदा 1988, कलम 4. त्यात वय 18 आहे, आणि 16 ला फक्त 50 सीसीपर्यंतची गाडी, तीही आईवडिलांच्या लेखी संमतीनं. लुनाच्या काळातला नियम आहे तो. आज ज्या स्कुट्या घरोघरी दिसतात त्या 110 नाहीतर 125, म्हणजे सोळा-सतराला लर्निंग हातात आलं तरी तुमच्या स्कुटीला ते लागू नाही. सगळी पोरं चालवतात हे खरं आहे, पण 2019 ला कायदा बदलला त्यात कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार, 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची 25 होईपर्यंत लायसन नाही. हे शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं. ज्या पोरीला पुढं नोकरीला जायचंय तिचे ऐन उमेदीचे दिवस त्यात जातील. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाईचे पैसे गाडीमालकाकडून वसूल करायला येऊ शकते, बाबांच्या नावावर वावर असेल तर विचार करा.

कोणी बॅटरीच्या गाडीचं सुचवेल. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच वेग असेल तर तिला लायसन लागत नाही हे बरोबर आहे, पण दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, कागदावर काय लिहिलंय ते वाचा. तुमच्याकडच्या रस्त्याला ती कितपत पुरेल हे तुम्हीच पाहा.

ऑनलाइन सेंटरवाला:
ताई, मी फॉर्म भराचंच काम करतो म्हणून सांगतो, आधारवर झाले अठरा म्हणून आता लायसन काढून घेसान तं ते निघूनही जाईन, पण मंग लायसनवर जानेवारी अन् सनदेवर जून. पोरगी उद्या पोलीस भरतीले गेली, पासपोर्ट काढाले गेली, तं तिथं बसते अडकून. माझ्याकडं असे पोट्टे येतात ना, भरतीची शेवटची तारीख दोन दिवसावर अन् कागदं जुळत नाई, रडाले येतात. म्हणून पयले आधार दुरुस्त करा, मंग लायसन. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, दुसऱ्या खेपेले चान्स नाई, म्हणून कागद पक्का घेऊनच जा. जन्माचा दाखला सगळ्यात चांगला. तो जिथं जन्म झाला तिथल्याच नोंदीतून निघते, तुमच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नका. अन् हातात आला की पयले पाहा, त्याच्यावर पोरीचं नाव हाय का. लय दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते, बारशाच्या आधी नोंद झालेली असते म्हणून.

अजून एक, आधारले मोबाईल नंबर लिंक हाय का? ओटीपी त्याच्यावरच येते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. भाऊ, तुम्ही विचारलं म्हणून आत्ताच पाहिलं, लिंक असलेला नंबर यांचा जुना आहे, ते सिम बंद झालं. आणि आधारवरचा फोटो दुसरीतला आहे, दोन वेण्या, रिबिनी, पुढचा दात पडलेला. त्यानं काही अडतं का? पंधराव्या वर्षी ठसे पुन्हा द्यायचे असतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. जन्म माझ्या माहेरचा, आर्वीच्या सरकारी दवाखान्यातला.

ऑनलाइन सेंटरवाला:
अडते ना ताई. घरबसल्या लर्निंगची परीक्षा द्यायची सोय आपल्या महाराष्ट्रात 2021 पासून हाय, पण ती सगळी आधारवर चालते. नाव, पत्ता, फोटो सगळं तिथूनच उचलते, लायसनवर तोच वेण्यावाला फोटो छापून येईन. अन् परीक्षेच्या टायमाले कॅमेऱ्यासमोर चेहरा जुळवतात, दुसरीतला चेहरा कसा जुळन? पंधरा ते सतरामध्ये ठसे-फोटो फुकट होत होते, आता थोडी फी लागन, पण एकाच खेपेले ठसे, फोटो, मोबाईल नंबर, जन्मतारीख सगळं करून टाका. पोरगी सोबत पाहिजे. तिच्या परीक्षा झाल्या का मार्च-एप्रिलमध्ये जा, जूनपर्यंत सगळं बसून जाते. म्हणजे जूनपर्यंत थांबा लागते असं नाई, तेवढा टाइम तुमाले तसाही लागणारच हाय.

आर्वीले कोणी जात असन तं सनदेची झेरॉक्स अन् तुमचं दोघांचं आधार सोबत देजा.

परीक्षेचं तं काहीच भेव नाई. सारथी म्हणजे लायसनची सरकारी साइट, तिच्यावर अर्ज, मराठी भाषा निवडता येते, पयले रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहा लागते, मंग 15 प्रश्न, 9 बरोबर आले का पास. चिन्हं पाठ करा लागतात. एजंटच्या हातात ओटीपी देऊ नका, परीक्षा त्यानं दिली तं पोरीले थांबा म्हणजे काय अन् रस्ता द्या म्हणजे काय हेच समजणार नाई. अर्जात रक्तगट विचारते, तो आधीच तपासून ठेवजा.

वणीचा बाबा:
माझ्या मुलीचं गेल्या वर्षी झालं म्हणून दोन शब्द. अर्ज भरताना विदाऊट गिअर की विथ गिअर असं विचारतात. विथ गिअर काढलं तर स्कुटीही चालते आणि मोटारसायकलही, पण मग पक्क्या लायसनची ट्रायल गिअरच्या गाडीवर द्यावी लागते. आम्ही विथ गिअरच घेतलं, कारण घरातल्या मोटारसायकलवर कधी दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिचे हात बांधलेले नकोत. लर्निंग सहा महिने चालतं, 30 दिवस झाले की पक्क्याला अर्ज करता येतो. आरटीओचा कॅम्प तालुक्यांच्या ठिकाणी लागतो, यवतमाळपर्यंत जायचं काम पडेलच असं नाही, तुम्हाला कुठला जवळ ते बघा. ट्रायलला नेताना गाडीचे कागद, विमा, पीयूसी, सगळं चालू असलेलं पाहिजे, आणि हेल्मेट.

पण ताई, खरं शिकवणं त्या 30 दिवसांत असतं. पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल एल लावा, मागं पक्कं लायसन असलेला माणूस बसवा, मैत्रिणीला डबलसीट घ्यायचं नाही. आणि फक्त दुपारी नका शिकवू. आमच्याकडं कोळशाचे ट्रक, तुमच्याकडं कापसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, वरून कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, दिवस मावळायच्या वेळेला समोरून गाडीचा लाइट डोळ्यावर आला की ती दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर दिसते. मी मुलीला मुद्दाम त्याच वेळी घेऊन जायचो, मागं बसून एकच सांगायचो, समोरचा लाइट डोळ्यावर आला की आधी ॲक्सिलेटर सोड. रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यात आला तर हॉर्न मारत पुढं जायचं नाही, थांबायचं, एक गेला की मागून दुसरा येतोच. हे त्या 15 प्रश्नांत येत नाही.

धागाकर्ती:
दादा, रोह्यांचं अगदी खरं आहे, आमच्या फाट्यापासून आतल्या रस्त्यावर तूर उभी असते तेव्हा रोजच दिसतात. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, विथ गिअरच काढायचं म्हणते आहे. घरात पक्कं लायसन फक्त यांचंच आहे, त्यामुळे मागं बसायचं काम त्यांच्याकडे, आणि त्यांनी हो म्हटलंय. एजंटला फोन करून नाही सांगितलं. दिरांनाही 199-अ वाचायला दिलं, ते काही बोलले नाहीत पण त्यांच्या मुलाच्या हातातली गाडीची चावी काल काढून घेतली.

सोमवारी हे आर्वीला जात आहेत दाखल्यासाठी. दाखल्यावर नाव नसलं तर इथेच परत विचारते, सेंटरवाले भाऊ, तेवढं लक्ष असू द्या.