पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य, मग टाकीत उतरलेला माणूस तरंगत का नाही?

दांडियाबाजार_अकरावी
पोकळ गोलाच्या आत कवचाची ओढ शून्य असते, असं पुस्तकात आहे. केंद्रापाशी ते पटतं. पण भिंतीजवळ गेलं तर जवळच्या भिंतीनं जास्त ओढायला नको का? शिवाय आपल्या कोयलीच्या रिफायनरीत एलपीजीच्या गोल टाक्या आहेत. रिकाम्या टाकीत उतरलेला माणूस पाय टेकूनच उभा राहतो. मग शून्य नेमकं काय झालं?

फतेगंज_भौतिकी
जवळची भिंत किलोमागे जास्त ओढते हे बरोबर, पण जवळ ती थोडी असते आणि पलीकडे भरपूर. त्रिज्या १ मीटर घ्या, बिंदू केंद्रापासून अर्ध्या मीटरवर. बिंदूतून व्यासाच्या दिशेनं दोन्हीकडे उघडणारा अरुंद शंकू काढा. एक भिंत ०.५ मीटरवर, दुसरी १.५ मीटरवर. अंतर तिप्पट, म्हणून शंकूत सापडणारा पत्रा ९ पट. किलोमागची ओढ मात्र १/९. दोन्ही ओढी समान, दिशा उलट.

शंकू तिरपा घेतला की पत्रा तिरका कापला जातो आणि मुलं तिथंच अडतात. शंकूचा अक्ष गोलाला दोन ठिकाणी छेदतो, त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे जीवा. जीवेची दोन्ही टोकं केंद्राशी जोडा. दोन बाजू त्रिज्याच, त्रिकोण समद्विभुज, म्हणून दोन्ही टोकांना तिरकेपणा सारखाच. तो गुणक कटतो. न्यूटननं १६८७ मध्ये याच वाटेनं सिद्धता दिली, कलन (कॅल्क्युलस) न वापरता. फार देखणी सिद्धता आहे, सूत्राआधी हीच शिकवा.

कड्याला (बांगडीसारख्या रिंगला) हे लागू नाही बरं का. कड्याच्या प्रतलात केंद्रापासून सरकलात की जवळची बाजू जिंकते.

मांडवी_४७
टाकीबद्दल: शून्य होते ती फक्त टाकीच्या पत्र्याची ओढ. पृथ्वी बाहेर आहे, तिची ओढ आत पूर्ण पोचते. धातूच्या पिंजऱ्यात बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही, कारण धातूतले मोकळे प्रभार सरकून ते खोडतात. वस्तुमानात ऋण प्रकारच नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाला आडोसा करता येत नाही.

हिशेबासाठी त्रिज्या ८ मीटर, पत्रा ४ सेंमी, पोलादाची घनता ७८५० किग्रॅ/मी³ धरा. वजन साधारण २५० टन. बाहेर पत्र्याला लागून त्याची ओढ २.६ × १०⁻⁷ मी/से², म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा ३.७ कोटीवा भाग. आत शून्य, पत्र्याच्या जाडीत ती शून्यापासून चढत जाते. खऱ्या टाकीला खांब, जिना, मॅनहोल असतात, म्हणून आत थोडी ओढ उरतेच. लहान मॅनहोलच्या तोंडाशी बाहेरच्या ओढीच्या जवळपास निम्मी, केंद्राच्या दिशेनं.

दांडियाबाजार_अकरावी
शंकूची आकृती छान बसली. मग आत विभव, म्हणजे किलोमागची स्थितिज ऊर्जा, तीही शून्य का?

फतेगंज_भौतिकी
नाही, परीक्षेत गुण जातात ते इथंच. विभव आत सगळीकडे −GM/R (G गुरुत्व स्थिरांक, M कवचाचं वस्तुमान, R त्रिज्या), म्हणजे पृष्ठभागावर असतं तेवढंच. ओढ म्हणजे विभवाचा उतार, आणि विभव सपाट असल्यानं उतार शून्य. त्यामुळे आतून m वस्तुमानाची वस्तू अनंतावर न्यायला GMm/R इतकी ऊर्जा लागतेच.

पुढचं गणित द्यायचं असेल तर एकसमान घनतेच्या भरीव गोलात केंद्र सोडून गोल पोकळी कोरा. पूर्ण गोलातून पोकळीएवढा गोल वजा केला की पोकळीत सगळीकडे एकच ओढ मिळते: (४/३)πGρd. इथं ρ म्हणजे गोलाची घनता, d म्हणजे दोन केंद्रांमधलं अंतर, आणि दिशा पोकळीच्या केंद्राकडून मोठ्या गोलाच्या केंद्राकडे. पोकळी केंद्रातच असली की d शून्य, ओढही शून्य.