सगळेच पांढरे, मग हा बेलुगा देवमासा 'तोच' हे कळतं कसं?

सागरवेडी: ऑर्काला पाठीवर उंच पर असतो, हंपबॅकच्या शेपटीखाली नक्षी असते. बेलुगाला पाठीचा परच नाही आणि मोठा झाला की पांढराफटक. तरी संशोधक 'ही मादी आम्ही वीस वर्षांपूर्वी पाहिली होती' असं छातीठोकपणे सांगतात, ते कशाच्या जोरावर?

मनोज_के: सॅटेलाइट टॅग, म्हणजे अंगाला लावलेलं, उपग्रहाला ठिकाण कळवणारं यंत्र. विषय संपला.

फोटोजुळव्या: मनोज, टॅग लावायला आधी बेलुगा पकडावा लागतो, मग पराच्या जागी जो कणखर उंचवटा असतो त्यातून पिना आरपार घालायच्या. एवढं करून तो टिकतो काही महिने. अलास्कातल्या कुक इनलेट या खाडीत 1999 ते 2002 या काळात असे टॅग लावले होते. तिथे 2005 पासून फोटोंवरून ओळख पटवण्याचं काम चालू आहे, आणि त्या फोटोंत हे जुने टॅगवाले सापडले ते पिनांच्या व्रणांवरून! यंत्र कधीच गळून गेलं, जखम उरली. मला हे जरा खटकतंच.

सागरवेडी, तो उंचवटाच खरा चेहरा समजा. त्याच्या कडेवरच्या खाचा, कुशीवरचे ओरखडे, बोटीच्या पंख्याचे वार, सगळं बघायचं. पण बेलुगा दर उन्हाळ्यात नदीमुखाशी येऊन तळाच्या खड्यांवर अंग घासतात, जुनी कातडी निघून जाते. वरवरचे ओरखडे त्याबरोबर पुसले जातात, खोल व्रण तेवढे राहतात. म्हणून एका खुणेवर कधी जायचं नाही, दोन-तीन जुळल्या तरच 'तोच' म्हणायचं.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. कुक इनलेटचं पाणी हिमनद्यांच्या गाळानं गढूळ असतं, वर आलेली पाठ दिसते तेवढीच, तीही एका बाजूनं. डाव्या कुशीचा फोटो आणि उजव्या कुशीचा फोटो एकाच प्राण्याचे आहेत हे कसं सिद्ध करणार? म्हणून तिथे डाव्या-उजव्या याद्या वेगळ्या ठेवतात. दोन्ही बाजूंना दिसेल असा व्रण मिळाला की मग त्या जोडता येतात. अलीकडे ड्रोननं हे पुष्कळ सोपं केलंय, वरून दोन्ही कुशी एकदम दिसतात.

कॅनडात क्वेबेकच्या सेंट लॉरेन्स नदीत ग्रेम ही संस्था 1980 च्या दशकापासून हेच करतेय. तुम्ही म्हणता ती वीस वर्षांपूर्वीची मादी बहुधा तिथलीच. कातडीचा बारीक तुकडा घेऊन नर की मादी तेही ठरवतात.

सागरवेडी: आणि पिल्लं?

फोटोजुळव्या: ती करडी असतात, पांढरं व्हायला दहा-बारा वर्षं किंवा जास्तच लागतात. अंगावर खुणाही कमी. लहान असेपर्यंत आईवरूनच ओळखायचं. त्यामुळे यादीत मार खाल्लेले प्रौढच जास्त भरतात, गुळगुळीत अंगाचे निसटतात. एकूण संख्येचा अंदाज काढताना हे धरावं लागतं.

मनोज_के: बरं, टॅग मागे घेतो. पण मग कॉम्प्युटरला का नाही देत?

फोटोजुळव्या: देतात की! 2022 मध्ये कुक इनलेटच्या फोटोंवर खुली स्पर्धाच झाली होती. प्रोग्रामनं जवळचे फोटो वर काढून द्यायचे, शेवटी बघणारा माणूसच. तुम्हाला हात लावून बघायचा असेल तर झूनिव्हर्स या संकेतस्थळावर, जिथे सामान्य लोक संशोधकांसाठी चित्रं तपासून देतात, 'बेलुगा बिट्स' शोधा. हडसन उपसागरात चर्चिल नदीच्या मुखाशी पाण्याखालून घेतलेली चित्रं आहेत. तिथले बेलुगा बोटीखाली येऊन उताणे होऊन वर बघतात, पोटही दिसतं.

सागरवेडी: उघडलं. पहिल्याच चित्रात नुसते बुडबुडे आहेत.

फोटोजुळव्या: 'बेलुगा नाही' दाबा आणि पुढे जा. तेही उत्तरच धरतात.