क्रूझवर खरा पोकर खेळायला मिळतो का? (सिंगापूरवरनं निघतोय, सांगलीचे पाचजण)

कुपवाडकर
नमस्कार मंडळी, जरा माहिती पाहिजे होती. आम्ही पाच मित्र डिसेंबरात बायकापोरांसकट सिंगापूरला चाललोय आणि तिथनं पुढं चार रात्रीची क्रूझ बुक केलीय. तीन पत्ती आम्ही कॉलेजपासनं खेळतोय, आणि गेली चार-पाच वर्षं पोकरचा नाद लागलाय, आधी ॲपवर खेळायचो पण ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले तसं आता दर शनिवारी आमच्या गोडाऊनच्या माडीवर बसतो, तेही शेंगदाणे लावून. हसू नका, खरंच शेंगदाणे, एक दाणा म्हणजे एक पॉइंट. फक्त आमच्यातला एकजण हरायला लागला की दाणे खातो त्यामुळं हिशोब कधीच लागत नाही.

तर विचारायचं असं की जहाजावर टेबल असतं का, किती डॉलर घेऊन बसावं, आणि आमच्यासारख्याला जमेल का. घरी मी बोलून बसलोय की ट्रिपचा खर्च काढूनच आणतो.

पत्तेबाज_मिरज
भावा आधी ते खर्च काढायचं वाक्य मागं घे 😄

मी दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या डीलर लोकांच्या टूरवर अशाच क्रूझला गेलो होतो. पहिल्या दिवशी जहाज बंदरातच होतं, संध्याकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून कॅसिनोत गेलो तर मशिनी बंद, टेबलांवर कव्हर, एक माणूस व्हॅक्यूम मारतोय. बंदरात असताना उघडतच नाहीत. जहाज किनाऱ्यापासनं 12 सागरी मैल बाहेर गेलं, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, सांगलीतनं तासगाव धर, की मग दुकान चालू. त्यामुळं ज्या दिवशी जहाज कुठंच थांबत नाही, नुसतं समुद्रात असतं, तो दिवस पत्त्यांचा. चार रात्रीत असे एक-दोनच दिवस येतात, बाकी वेळ तुम्ही पेनांग नाहीतर फुकेतला टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत असणार.

दुसरं म्हणजे खरा पोकर, माणसं विरुद्ध माणसं, तो प्रत्येक जहाजावर नसतोच. आमच्या इथं होतं पण एकच टेबल. काउंटरवर नाव लिहून ठेवायचं आणि पुरेशी माणसं जमली की चालू करणार. पहिल्या रात्री मी आणि एक ऑस्ट्रेलियन आजोबा, दोघंच, दीड तास एकमेकांच्या नातवंडांचे (माझ्याकडनं भाच्यांचे) फोटो बघत बसलो. काही जहाजांवर तर पत्तेच नसतात, टेबलातच स्क्रीन असते, हाताचा आडोसा करून बोट लावलं की आपली पानं दिसतात. पिसायचा आवाज नाही काही नाही, मजा नाही येत राव.

आता खरं दुखणं. नाल. आपल्याकडं क्लबवाला प्रत्येक डावाच्या गल्ल्यातनं आपला हिस्सा काढतो तीच, तिकडं रेक म्हणतात. जहाजावर बऱ्याचदा 10 टक्के असते, चांगल्या कॅसिनोत जमिनीवर त्याच्या निम्मी वगैरे आणि एका डावातनं जास्तीत जास्त किती कापायची ती मर्यादा पण कमी. तू बेदाण्याच्या सौद्याला जात असशील तर अडत कळतीच तुला. हिशोब कर, एका डावात सरासरी 4 डॉलर नाल धर, तासाला 25 डाव, झाले 100 डॉलर. टेबलावर आठ माणसं असली तर प्रत्येकाच्या खिशातनं तासाला साडेबारा डॉलर नुसती नाल, आणि ब्लाइंड (डावाच्या आधी सक्तीनं टाकायचे पैसे) 1-2 डॉलरचे. समोरचे कितीबी कच्चे असूदे, आधी तेवढं भरून काढायचं मग पुढचं.

कऱ्हाडी_काटा
वरच्या भावाशी सहमत. एक भर घालतो कारण तीन पत्तीवाले हमखास इथंच मार खातात.

जहाजावर "पोकर" लिहिलेली जी बाकीची टेबलं दिसतील, थ्री कार्ड पोकर, कॅरिबियन स्टड असली, ती घराविरुद्ध, म्हणजे कॅसिनोविरुद्ध आहेत. समोर फक्त डीलर. तिथं तुमचा ब्लफ चालत नाही, डीलरला तुमच्या चेहऱ्याशी काय देणंघेणं. थ्री कार्डमध्ये घराची धार (लावलेल्या पैशातनं सरासरी कॅसिनोकडं जातो तो हिस्सा) मूळ डावावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि कॅरिबियन स्टडमध्ये पाचाच्या वर. सुट्टीची करमणूक म्हणून ठीक आहे, पोकर खेळलो म्हणून सांगू नका गावात.

आणि पानांची उतरंड! आपल्या तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीची पानं) कलरच्या (सगळी एकाच प्रकारची, जसं नुसते बदाम) वर, ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यात वर. पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. माझ्या मेव्हण्यानं गोव्यात याच गोंधळात सिक्वेन्स दाखवून गल्ला ओढायला हात घातला आणि समोरच्यानं शांतपणे पाच बदाम टाकले. कारण सरळ आहे, जे कमी वेळा येतं ते भारी. तीन पानांत 22,100 जुळण्या होतात, त्यात साधा सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स भारी. पाच पानांत उलटं होतं, सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. गंमत म्हणजे तीन पानांत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स (ओळीची आणि एकाच प्रकारची) 48, म्हणजे हिशोबानं प्युअरच वर पाहिजे, आणि थ्री कार्ड पोकरमध्ये तो वरच असतो. आपल्या आज्यापणज्यानं एक्क्यांच्या ट्रेलला मान दिला तो दिला.

"ब्लाइंड" पण वेगळं बरं का. इथं पानं न बघता खेळणं नाही, दोघांनी सक्तीनं आधी टाकायचे पैसे.

परळी_ते_पनामा
मी साताऱ्याचा, सहा वर्षं जहाजावर होतो, रेस्टॉरंटला. आम्हा स्टाफला कॅसिनोत खेळायला बंदी असते त्यामुळं जिंकल्याच्या गोष्टी नाहीत माझ्याकडं, पण रात्री उशिरा जेवायला येणाऱ्यांची तोंडं बघितलीत रोज.

कुपवाडकर दादा, तुम्ही पाचजण एकाच टेबलावर बसणार ना? मग डाव चालू असताना मराठीत बोलायचं नाही. टेबलावर इंग्लिशच चालतं, नाहीतर मिलीभगत समजतात. "टाक की लेका" एवढं जरी म्हणालात तरी डीलर टोकणार. मोबाईल पण खाली ठेवायचा. आणि तोंडानं रेज (रक्कम वाढवतो) न म्हणता एकच मोठी चिप पुढं सरकवली तर ती नुसती कॉल (समोरच्याएवढेच पैसे) धरतात. आपल्याकडं चिप टाकून वर "डबल" ओरडायची सवय असते, तिथं उशीर झालेला असतो.

पैसे रोख डॉलर न्या. रूमच्या कार्डावर चिप्स घेता येतात पण बऱ्याच जहाजांवर त्याला वेगळी फी लागते, 3 ते 5 टक्के, आणि शेवटच्या सकाळी बिल दाराखाली सरकवलेलं मिळतं. ते बिल आधी वहिनींच्या हातात पडतं. हे मी बघितलंय, दोनदा.

वखारभाग_वकील
थोडं रुक्ष बोलतो. भर समुद्रात आपला 1887 चा मुंबई जुगार कायदा आड येत नाही, तिथं जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली त्याचा कायदा. पण तुम्ही राहणार भारतात, त्यामुळं जिंकलेली रक्कम रिटर्नमध्ये दाखवावी लागते, 30 टक्के कर वर सेस, आणि हरलेले पैसे त्यातनं वजा होत नाहीत. सोमवारी 500 जिंकले, मंगळवारी 500 गेले, तरी कर सोमवारच्या 500 वर. फेमाच्या (परकीय चलनाचा कायदा) नियमांत लॉटरी, स्वीपस्टेकसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे, म्हणून भारतातलं कार्ड कॅसिनोच्या काउंटरवर घासण्याआधी बँकेला विचारा.

जाता जाता, आपल्या महाराष्ट्रानं 1976 ला कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अंमलातच आणला नाही आणि 2023 ला रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कपाटात.

पत्तेबाज_मिरज
वकीलसाहेब तुमच्यामुळं माझा जिंकायचा मूडच गेला. तसाही मी 140 डॉलर हरलोच होतो, आजोबा जिंकले.

कुपवाडकर
सगळ्यांचे आभार. काल हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं माडीवर, नालीच्या हिशोबाला एकदम शांतता. ठरलं असं की माणशी 150 डॉलर, रोख, पाकीट बायकोच्या पर्समध्ये, आणि समुद्रातल्या दिवशीच बसायचं, तेही तिघं खेळणार दोघं पोरं सांभाळणार, आळीपाळीनं. टेबल नाही जमलं तर केबिनमध्ये आपला डाव आहेच.

फक्त दाणे खाणाऱ्याला कुणाच्या केबिनमध्ये घ्यायचा यावर अजून भांडण चालूय.

कऱ्हाडी_काटा
दाणे खारे न्या, पाणी पीत बसेल, कमी खाईल.

परळी_ते_पनामा
पाण्याची बाटली केबिनच्या बिलात लागते दादा, बघा बुवा.