मदत हवी आहे: बाबांच्या प्रिझमच्या चष्म्याबद्दल

नमस्कार मंडळी. बाबांना (वय 68, शुगर आहे) महिनाभरापासून एकाचे दोन दिसतात. ताटातली पोळी एकच, पण वर्धा रोडवरचा मेट्रोचा खांब शेजारी-शेजारी दोन! एक डोळा झाकला की सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, डोळा बाहेर वळवणारी नस अशक्त झालीय, काही महिन्यांत सुधारायला हवी. तोवर प्रिझम लावा. दोन्ही काचांत 5-5, 'बेस आउट', म्हणजे जाड कड कानाकडे.

प्रिझम म्हटल्यावर मला शाळेतली तिकोनी काच आणि सात रंगच आठवले. चष्म्यात तो फक्त प्रतिमा सरकवतो: 1 नंबरला 1 मीटरवर 1 सेंटीमीटर.

बर्डीतल्या एका दुकानातून चष्मा करून आणला, तर जाड कड नाकाकडे! बाबा म्हणाले, "काहून रे, खांब तर आणखी लांब गेले." दुकानदार म्हणतो, सवय होईल. कशाची सवय?

प्रिझमचं काम खात्रीने जमणारं कुणी धरमपेठ-रामदासपेठ भागात आहे का? नंबर बदलणारच असेल, तर काचेवर चिकटवायची फ्रेनेल प्रिझमची पट्टी नागपुरात मिळते का? ती लावून थोडं धूसर दिसतं म्हणतात. वापरलेल्यांनी सांगा, वाचता येतं ना? बाबांचा पेपर सुटलाय, त्यामुळे घरात सगळ्यांवरच चिडचिड चालू आहे.