कॅडिलॅकच्या गाड्या अशा टोकदार कधीपासून झाल्या?

चाकवेडा
मंडळी, परवा मॅट्रिक्स रीलोडेड परत बघितला, त्यातल्या हायवेवरच्या पाठलागात ती चंदेरी कॅडिलॅक सीटीएस आहे ना, अजूनपण काय भारी दिसते राव. पण कॅडिलॅक म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर सोफ्यासारख्या सीटवाली, लांबलचक, रिटायर झालेल्या आजोबांची गाडी येते. मग ही सुरीने कापल्यासारखी कधी झाली आणि कोणासाठी? नुसता पत्रा बदलला की आतपण काही?

मिशिगनवासी
आतपण बदललं, कारण त्याआधी दोनदा तोंडावर आपटले होते. 1982 मॉडेलची सिमरॉन म्हणजे कॅडिलॅकच्याच मालकाच्या, जीएमच्या (जनरल मोटर्स), शेवरले ब्रँडची साधी कॅव्हलिअरच, वर बॅज कॅडिलॅकचा आणि किंमत भलतीच, लोकांनी लगेच ओळखलं. मग 1997 ची कटेरा, ती जर्मनीतली ओपेल ओमेगा, आणि तिच्या जाहिरातीत चक्क बदक 😄 बीएमडब्ल्यू घेणारा माणूस बदक बघून येणारे का? मग 1999 ला इव्होक नावाची कॉन्सेप्ट (फक्त दाखवायला बनवलेली नमुना गाडी) आणली, वेन चेरी तेव्हा जीएमचा डिझाइन प्रमुख, त्या स्टाइलला नाव दिलं आर्ट अँड सायन्स. तीच धार 2003 मॉडेलच्या सीटीएसवर उतरली, आणि खालचा सांगाडा उसना नाही, सिग्मा नावाचा नवा रिअर व्हील ड्राइव्ह (मागची चाकं ओढणारा) प्लॅटफॉर्म, जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग रेसट्रॅकवर घासूनपुसून तयार केलेला. माझ्या मते गाडी चालली ती यामुळे, टोकांमुळे नाही. आतल्या प्लास्टिकला मात्र मासिकवाल्यांनी नावं ठेवलीच.

जुनं_ते_सोनं
टोकंपण अगदी हवेतून नाही आलेली हो. ते उभे दिवे बघा, 1948 मध्ये जीएमचा तेव्हाचा डिझाइन प्रमुख हार्ली अर्लच्या काळात पी-38 लढाऊ विमानाच्या शेपटीवरून फिन्स (मागच्या बाजूला वर निघालेले पंख) आल्या, 1959 ला तर त्या कळसाला पोचल्या, तेव्हापासून मागचे उभे दिवे ही कॅडिलॅकची ओळखच. सीटीएसने पुढचे दिवेपण उभे केले.
आणि कोणासाठी विचारलंत, तर तरुणांसाठी म्हणे, पण "तरुण" म्हणजे किती तरुण तेपण बघा, सीटीएसच्या वेळच्या 2002 च्या जाहिरातीत गाणं लेड झेपेलिन या रॉक बँडचं, 1971 सालचं! तेव्हा कॉलेजात असलेला पोरगा 2002 मध्ये पन्नाशीचा. सत्तरीच्या गिऱ्हाइकासमोर तो तरुणच म्हणा.

पत्रा_आणि_पेट्रोल
खरी तरुण पोरं एस्कलेडमुळे (कॅडिलॅकची भलीमोठी एसयूव्ही) आली, सीटीएसमुळे नाही. 1999 ची पहिली एस्कलेड म्हणजे जीएमच्याच जीएमसी ब्रँडची युकॉन डेनालीच जवळजवळ, फोर्डच्या लिंकन नॅव्हिगेटर एसयूव्हीला उत्तर म्हणून घाईत उतरवलेली, म्हणजे सिमरॉनचाच प्रकार! पण रॅपर आणि बास्केटबॉलवाल्यांनी उचलून धरली. मिशिगनवासी, इथे तुमचं उसनंबिसनं कुठे आडवं आलं?

मिशिगनवासी
मान्य, एस्कलेडला माझ्याकडे उत्तर नाही 😅 पण 2004 ची सीटीएस-व्ही (सीटीएसची जास्त ताकदीची आवृत्ती) विसरू नका, 400 हॉर्सपॉवर, इंजिन शेवरलेच्या स्पोर्ट्स कारकडचं, कॉर्व्हेटकडचं (हो हो, उसनं!), आणि गिअरबॉक्स फक्त सहा स्पीडचा मॅन्युअल. ऑटोमॅटिक मिळायचाच नाही.

चाकवेडा
कॅडिलॅक आणि क्लच?? आजोबा काय म्हणाले असतील 😂