आयोडीनच्या बाटलीने भेसळ कळते, मग कोटींच्या प्रयोगशाळा कशाला?

दांडियाबाजारकर
रविवारी आमच्या सोसायटीत अन्न तपासणीची गाडी आली होती. दुधात आयोडीनचा थेंब, हळदीत आम्ल, चहाची पत्ती ओल्या टिपकागदावर. तासाभरात अख्ख्या इमारतीचे नमुने तपासून झाले. आणि दुसरीकडे संशोधनाच्या नावावर कोटीकोटीची यंत्रं घ्यायची, एसीत ठेवायची, दोन पीएचडी झाल्या की खोलीला कुलूप. हा पैसा थांबवा आणि घरोघरी किट द्या. बडोद्याला आणखी प्रयोगशाळा नकोत.

निजामपुरा जुना
गप्प बसणार होतो, पण शेवटचं वाक्य सहन झालं नाही. बारा वर्षं मी खाजगी प्रयोगशाळेत शेंगदाणे, मसाले आणि दुधाचे नमुने चालवले आहेत.

आयोडीन फक्त पिष्ट दाखवतं. आता आफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे बुरशीतून येणाऱ्या विषाचं बघा. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली आणि ती गाईम्हशीने खाल्ली की विष दुधात एम-1 रूपात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. वास नाही, चव नाही. आपल्याकडे मर्यादा आहे किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे वीस लाख किलो दुधात एक ग्रॅम. ते पकडायला दूध आधी खास स्तंभातून गाळून घ्यावं लागतं, मग एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवावं लागतं. तुमच्या गाडीने दूध 'पास' केलं म्हणजे एवढंच, की त्यात पीठ नव्हतं.

हळदीचंही तेच. आम्लाने मेटॅनिल यलो हा भेसळीचा पिवळा रंग गुलाबी होतो. लेड क्रोमेट हा शिसं असलेला रंग असेल तर त्यातलं शिसं किती, हे मोजायला वेगळं यंत्र लागतं. 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या जंतू मारायच्या वायूसाठी बोट ठेवलं, तेही घरच्या किटमध्ये दिसलं नसतं. 1890 मध्ये ज्या गावात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, त्रिभुवनदास गज्जरांनी जिथे रंगाईचं रसायनशास्त्र शिकवलं, तिथल्या माणसाने 'प्रयोगशाळा नकोत' म्हणावं, याचं वाईट वाटतं.

मांडवीची सून
माझं हिंगाचं ऐका आधी. त्याच गाडीवरच्या मुलाने माझ्या डबीत थेंब टाकला, निळंजांभळं झालं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भेसळ." सासूबाईंनी डबी कचऱ्यात टाकली. तीस वर्षं एकाच दुकानातून हिंग आणतो आम्ही. दुकानदाराशी बोलणंच बंद झालं.

दांडियाबाजारकर
निळं झालं म्हणजे पीठ आहे. हिंगात पीठ म्हणजे भेसळच. त्या मुलाचं काय चुकलं?

निजामपुरा जुना
सगळंच चुकलं. आपण आमटीत टाकतो तो बांधानी हिंग. त्यात पीठ आणि डिंक कायद्यानेच चालतात, डबीवर छापलेलंही असतं. पाहायचं असतं ते अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क निदान 5 टक्के आहे का. तो मोजायला तराजू, ओव्हन आणि हातात सवय असलेला माणूस लागतो. ताई, तुमचा हिंग बहुधा चांगलाच होता.

वाघोडिया रोड
मुळात हिंग आपला नाहीच. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून राळ येते आणि इथे पीठ मिसळतात. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पहिलं रोप लावलं ते 15 ऑक्टोबर 2020 ला. इतकी वर्षं काय केलं आपण? शेतीकडे लक्ष द्या, यंत्रांकडे नको.

मांडवीची सून
दादा, माझी डबी गेली आणि तुम्ही लाहौलला पोचलात! माणसावर 'भेसळ' असा शिक्का एका थेंबाने मारायचा का, एवढंच मी विचारतेय.

वाघोडिया रोड
ओरडू नका. राळ खरी की खोटी हाही अन्नसुरक्षेचाच प्रश्न आहे.

तूपवाल्यांचा मुलगा
शिक्का मारायला थेंबच लागतो असं नाही, मोठ्या प्रयोगशाळाही मारतात. वडिलांचं तूप नापास झालं होतं, आर. एम. व्हॅल्यू, म्हणजे तुपातल्या ठरावीक आम्लांचं माप, कमी म्हणून. तूप सौराष्ट्रातलं, सरकी खाणाऱ्या म्हशींचं. सरकीने ती व्हॅल्यू खाली जाते, म्हणून 1954 च्या जुन्या अन्नभेसळ कायद्याच्या नियमांत कापूसपट्ट्याला वेगळा आकडा होता. तपासणाऱ्याने पाहिलाच नाही. नमुन्याचा दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत गेला, तिथे पास. तोवर दोन वर्षं कोर्टाच्या तारखा. वडील दुकानात बसेनासे झाले. निजामपुरा काका, तुमच्या यंत्रांवर माझा विश्वास बसत नाही.

निजामपुरा जुना
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे यंत्र चुकलं नाही, माणूस चुकला. 2015 चं मॅगी प्रकरण आठवा. मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली, कारण शिशाच्या त्या तपासणीसाठी प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती, आणि फेरतपासणी तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत करायला लावली. नमुन्याचे चार भाग करतात ते यासाठीच. वाईट प्रयोगशाळेवर उपाय चांगली प्रयोगशाळा, गाडीवरची बाटली नव्हे.

दांडियाबाजारकर
आफ्लाटॉक्सिनचं मान्य. हिंगाचंही मान्य, जड मनाने. पण कुलुपाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. माझ्या भाचीने एका संस्थेत आठ महिने एका यंत्रासाठी वाट पाहिली. शेवटी नमुने दुसऱ्या राज्यात पाठवले, आपल्या खर्चाने.

निजामपुरा जुना
इथे तुमचं खरं आहे. यंत्र प्रकल्पाच्या पैशातून येतं. प्रकल्प संपतो, चालवणाऱ्याचं पद कंत्राटी असतं, तोही जातो. मग यंत्राला लागणारा आर्गॉन वायू कोण भरणार, स्तंभ कोण बदलणार, मोजमाप पडताळायची संदर्भ द्रावणं कोण मागवणार? ती द्रावणं महाग आणि मुदतीची असतात. खरेदीला मंजुरी मिळते, चालवण्याला मिळत नाही. भाचीचा राग योग्य आहे. पण म्हणून 'नकोत' म्हणू नका, 'माणूस नेमा' म्हणा. आणि आठवड्यातला एक दिवस बाहेरच्यांच्या नमुन्यांना द्या.

मांडवीची सून
बाहेरच्यांच्या म्हणजे माझा हिंग घेतील?

निजामपुरा जुना
तुमचा हक्क आजही आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम 40 आहे. ग्राहक शुल्क भरून फूड अॅनालिस्टकडून तपासणी करून घेऊ शकतो, माल नापास झाला तर शुल्क परत. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला देणार आहे. राज्याची अन्न आणि औषध प्रयोगशाळा तर आपल्या बडोद्यातच आहे.

मांडवीची सून
मग शनिवारी त्याच दुकानात जाते. तोंडावर सांगते आणि नवी डबी घेते. बोलणं तरी सुरू होईल.

दांडियाबाजारकर
मी येतो बरोबर. पण कुलुपाचा विषय मी सोडणार नाही, काका.

तूपवाल्यांचा मुलगा
दुकानदाराला सांगितल्याचं कागदावर लिहून, तारीख घालून घ्या, ताई. आणि पावती जपून ठेवा.