बटाट्यावरच्या बांगडीला जैविक उपाय पुरतो का?

सावनेरकर: ऑक्टोबरात बटाटा लावणाऱ्यांनी आतापासूनच विचार करावा, म्हणून लिहितोय. बांगडी, म्हणजे राल्स्टोनिया जिवाणूचा मर रोग, पिकात दिसला की त्यावर औषध नाही. झाड हिरवंच्या हिरवं कोमेजतं, बटाटा कापला की आत तपकिरी कडं दिसतं. स्ट्रेप्टोमायसिन फवारणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, ते क्षयरोगावरचं औषध आहे, वावरात ओतून त्याची धार घालवू नका. त्यापेक्षा लावणीआधीच बेण्याला स्यूडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस हे उपयोगी जिवाणू चोळा. हे जिवाणू मुळांभोवती आधी जागा धरतात, लोह ओढून घेतात, रोगाच्या जिवाणूला मारक द्रव्यंही सोडतात.

वावरातला भाऊ: पटत नाही जी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि या जिवाणूंची पाकिटं दुकानात पत्र्याखाली पडून असतात. आत जिवंत काय उरत असेल? मी पैसे मोजून लावलं, तरी पीक बसायचं ते बसलंच.

सावनेरकर: उन्हाचं म्हणणं मान्य. पण बॅसिलस बीजाणू करतो, म्हणजे कडक कवचात झोपून राहतो, म्हणून उष्णता बरीच सोसतो. स्यूडोमोनासला ते जमत नाही. त्याचं पाकीट ताज्या तारखेचंच घ्या, सावलीत ठेवा, तांब्याच्या औषधात कधीच मिसळू नका.

भिवापूरची मिरची: मला तर सगळा भर पाकिटावरच दिसतो. हा रोग मिरची, वांगी, टमाट्यालाही होतो. त्याच वावरात मिरचीनंतर बटाटा लावाल, तर कोणता जिवाणू वाचवणार? मधे गहू, मका घ्या. बेणं कापायच्या विळ्यानंही रोग पसरतो, तेव्हा अख्खं लहान बेणंच लावा. आणि शिमल्याची बटाटा संशोधन संस्था सरीत हेक्टरी १२ किलो ब्लीचिंग पावडर सांगते, ती स्वस्त आहे.

सावनेरकर: फेरपालट हवीच, वाद नाही. पण ब्लीचिंग आणि जिवाणू एकाच सरीत टाकाल तर ब्लीचिंग रोगाच्या जिवाणूबरोबर आपल्या जिवाणूंनाही मारेल. एकच निवडा. मी जिवाणू निवडतो, कारण ते मुळांपाशी टिकतात. पावडरीचा असर थोड्या दिवसांत ओसरतो.

वावरातला भाऊ: फेरपालट ज्याचं स्वतःचं वावर त्यानं करावी. मी मक्त्यानं घेतो, एका हंगामापुरतं. आधी काय होतं तेही धड सांगत नाहीत.

सावनेरकर: मग आधीच्या पिकात किंवा शेजारच्या वांग्यात कोमेजलेलं झाड दिसलं, तर खोड कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरून बघा. दुधासारखी तार खाली उतरली, तर त्या वावरात यंदा बटाटा लावू नका, पाकीट कितीही ताजं असो.